राखा म्हटलं आणि राख आली

फुला, तुझ्या जलदानाला पाणी विकतचं आणलं. हे तुला कोणीतरी सांगायलाच पाहिजे, म्हणून मी सांगते. बाकीचे सगळे तुझ्या फोटोसमोर उभे राहून तू किती चांगली होतीस तेवढंच बोलून राहिले आहेत.

भंतेजी आले, आसनावर बसले, म्हणाले तांब्यात पाणी आणा. तुझा लेक दिवाकर उठला आणि सवयीनं बोडीकडं, आपल्या गावतळ्याकडं, निघाला. पाळीवर चढला, खाली पाहिलं आणि रिकामा तांब्या घेऊन परत आला. चेहरा असा, जसं काही तुला पुन्हा एकदा पोचवून आला. मग वारासिवनीहून मागवलेल्या जारातून तांब्या भरला. भंतेजींनी गाथा म्हटल्या, दिवाकरनं धार धरली, वाटी भरली आणि पाणी ताटात सांडलं. सगळ्यांनी हात जोडले. मी ताटाकडंच पाहत होते. गावातल्या एका तळ्यासाठी तू इतकी वर्षं भांडलीस, आणि तुझ्या नावानं सोडलेलं पाणी कोणत्या गावचं होतं हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं.

रडले नाही मी. बायका कुजबुजल्या, जाऊ गेली तरी मोठीच्या डोळ्यात टिपूस नाही. म्हणू दे. मला तुझा राग आला आहे, आणि रागात मला रडता येत नाही. तू भांडण अर्धं टाकून गेलीस.

आपलं पहिलं भांडण माशांवरून झालं. उन्हाळ्यात बोडी आटत आली की गाव मिळून मासे मारायचं. पाळीवरच्या निंबाखाली ढीग लावायचे, घराला एक. ज्या घरचा माणूस जाळं ओढायला आला नाही त्या घरालाही एक, आजाऱ्याच्या घरीही एक. मग एकानं ढिगांकडं पाठ करून बसायचं. दुसऱ्यानं ढिगावर काठी टेकवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठ केलेल्यानं नाव घ्यायचं. ढीग दिसतच नाही, म्हणून लबाडी करता येत नाही. तू लग्न होऊन आलीस आणि लोकांनी तुला तिथं बसवलं, कारण नव्या सुनेची गावात ना कोणाशी दोस्ती ना दुश्मनी. पुढं ती जागा तुझीच झाली.

"हा कोणाचा?"

"मोठ्या बाईचा," तू म्हणालीस, आणि माझ्या वाट्याला डोकी आणि झिंगे आले. एवढी मोठी मरळ गेली सुताराच्या घरी. मी घरी येऊन टोपलं आपटलं. "एका घरची जाऊ असून तुले माहा ढीग ओळखू येत नाही?"

"ओळखू आला असता तं पाठ काहून केली असती, बाई?"

त्यानंतर इतके उन्हाळे गेले, एकदाही तू मला मरळ दिली नाहीस. ही तक्रार मी तुझ्यासोबत जाळलेली नाही.

सडकेवर मिल आली तेव्हा आपण दोघी पाहायला गेलो होतो. उसन्या तांदळाची मिल. धान भिजवायचं, वाफेवर उकडायचं, सुकवायचं आणि मग भरडायचं. तो तांदूळ आपल्याकडं कोणी खात नाही. गोंदियाहून रेल्वेनं तो दूर कुठं जातो, पुढं जहाजात चढतो म्हणतात. आपल्याला आनंदच झाला होता. पोरांना काम लागेल, तूस चुलीला मिळेल. काम थोड्या पोरांना लागलं. तूस मिळालं नाही, ते मिलच्याच भट्टीत जळतं. तांदूळ गेला आणि आपल्याकडं दोन गोष्टी राहिल्या. एक भिजवणीचं पाणी. ते नाल्यातून बोडीत उतरलं, आंबलेल्या पेजेसारखा वास, वर काळी साय. दुसरी राख. ती वाळवणावर बसायची, अंथरुणावर बसायची, हंड्याला फडकं बांधलं तर फडक्यावर बसायची. माझ्या नातीला, परीला, धाप लागायला लागली.

ज्यांनी तो भात खाल्ला त्यांचा मला राग नाही. त्यांना काय माहीत. पण मिलवाल्याचं घर बालाघाटला आहे, त्याच्या अंगणात पांढऱ्या फरशा आहेत, हे मी दिवाकरकडून ऐकलं आहे.

मग तक्रारी ऐकायला ते सरकारी शिबिर झालं. शाळेच्या पटांगणात मांडव, जिल्ह्याहून आलेला साहेब, त्याच्या बाजूच्या खुर्चीत मिलचा मॅनेजर. साहेब नवा होता, लांबचा, हिंदी बोलणारा. मी तुला आधीच म्हटलं, "हिंदीत बोल."

"काहून?"

"त्याले समजीन."

"बजारात हिंदी बोलते, मोटारीत हिंदी बोलते. बोडीपुरतं तरी माह्या तोंडानं बोलू दे."

तू उभी राहिलीस, पदर खोचलास, हात जोडलेस. "साहेब, आमची बोडी राखा. दुसरं काही नको. बोडी राखा."

साहेबानं मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजर वाकून त्याच्या कानात काही बोलला. साहेबानं मान हलवली. "हो जाएगा, माताजी."

आपण टाळ्या वाजवल्या, फुला. खाली बसताना तू माझ्या मांडीला चिमटा घेतलास. "पाह्यलं? समजलं त्याले."

थोड्याच दिवसांत एका सकाळी ट्रॅक्टर आले. राखेच्या ट्रॉल्या, एकामागे एक, बोडीच्या कोपऱ्यात उलट्या व्हायला लागल्या. तू चुलीवरचं तसंच टाकून धावलीस. मी तुझ्या मागून.

"काय करून राह्यला रे?"

ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, तुम लोगों ने ही तो माँगी थी. बोड़ी में राख. गड्ढा भरना है ना?"

तुला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तू पाळीवर मटकन बसलीस. "मी राखा म्हटलं रे. राखा म्हणजे... जपा. सांभाळा."

"तो राख ही हुआ ना, अम्मा."

साहेबाला खरंच चुकीचं ऐकू आलं, की मॅनेजरनं त्याला पाहिजे ते ऐकवलं, हे मला आजपर्यंत कळलं नाही. सरपंच म्हणाला, मराठी-हिंदीत असं होते. साहेबाची बदली झाली. इकडं शाळा हिंदीच, तिथं शिकलेल्या आपल्याच पोरांनी तुझं नाव राखवाली आजी ठेवलं. तू त्यांच्यासोबत हसलीस. घरी येऊन हसली नाहीस.

मी गप्प बसणारी नाही, तुला माहीत आहे.

"बचाओ म्हटलं असतं तं जीभ झडली असती का तुही?"

"माहा शब्द बराबर होता, बाई. त्याचा कान चुकला."

"कान त्याचा चुकला आणि बोडी आपली भरली."

"मंग कान दुरुस्त करा म्हणा त्यायले. या वयात मी काय जीभ बदलू?"

हे भांडण आपण धान निंदताना केलं, भात शिजताना केलं, दवाखान्याच्या रांगेत केलं. एकदा तर तुला इंजेक्शन देत असताना केलं आणि नर्स म्हणाली, "आप दोनों बाहर जाके लड़ो." अजूनही मला वाटतं माझंच खरं होतं. एकदा तरी तू 'हौ बाई' म्हणायला पाहिजे होतं.

दुसरं भांडण मोठं. तू तहसीलला इतके हेलपाटे घातलेस की मॅनेजर कंटाळला आणि एक दिवस मिठाईचा डबा घेऊन आपल्या ओट्यावर आला. म्हणाला, ढीग उचलतो आणि भिजवणीचं पाणीही बोडीत येऊ देत नाही, दोन्ही खाली नेतो. खाली म्हणजे उतारावरच्या टोल्याकडं. तिथं गोंडांची थोडी घरं आहेत. "वहाँ किसी को तकलीफ नहीं है अम्मा, सरकारी जमीन है." पण पाण्याचा पाइप आणि ट्रॅक्टरची वाट आपल्या बांधीतून, धानाच्या शेतातून, जाणार होती, आणि नवरे गेल्यावर ती बांधी दोघींची सामाईक. एकीचा होकार चालणार नव्हता.

बांधी सामाईक राहिली ती तुझ्यामुळं. मी रांडावले तेव्हा तुझ्या नवऱ्याला वाटणी पाहिजे होती, वरचा तुकडा त्याला, खालचा मला. तू त्याला म्हणालीस, "वरचा आपण घेतला तं बाईले पाणी कुठून भेटीन?" मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं होतं. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. तुला कळत असेल असं धरून चालले.

मॅनेजरला मी तिथल्या तिथं हो म्हटलं. गावातल्या सगळ्या बायकांनी हो म्हटलं. तू डबा न उघडता त्याच्या हातात परत दिलास. "टोल्यावरच्यायले विचारलं का?"

तो गेल्यावर तू मला म्हणालीस, "बाई, अंगणाकडं पाठ कर."

मला वाटलं पाठीवर काही किडा बसला. मी पाठ केली.

"ही राख कोणाची?"

"मिलची!"

"मिल तं ठेवून घेत नाही. मंग कोणाची?"

"मले दिसत नाही तं कसं सांगू?"

"म्हणूनच सांग."

"हे काय मासे होत?"

"मासे नाही म्हणून तं विचारून राह्यली. माशाचा ढीग तं कोणी बी घेते."

मी उठले. तुझ्या असल्या हुशारीची मला चीड यायची. दारात थांबून म्हटलं, "परीची धाप तुले ऐकू येत नाही? टोल्यावरचे लेकरं तुले तिच्याहून जास्त झाले?"

अंगणात राखेनं मळलेली कोंबडी फिरत होती, तिच्याकडं पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "जास्त नाही. कमी बी नाही."

त्यानंतर आपण अबोला धरला असं कोणी म्हणू नये. मीठ मागायचो, तिखट मागायचो. पण तेवढंच. मग तू पडलीस. खोकला तुला जुना होता. तू राखेनं मेलीस असं मी म्हणणार नाही, डॉक्टर तसं म्हणाला नाही, आणि बिडी तू सोडली नव्हतीस. मी तुझे पाय चेपत बसायचे. एकदा डोळे न उघडता तू विचारलंस, "ढीग गेला का?"

"नाही."

"हं."

त्या 'हं'चा अर्थ काय होता, फुला? बरं वाटलं होतं की वाईट? मी विचारलं नाही. तुला बोलताना दम लागायचा, म्हटलं उद्या विचारू.

जलदान झालं आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला. हार आणला, तुझ्या फोटोला घातला, चहा घेतला, आणि मग तेच बोलणं. तुझा वाटा आता दिवाकरचा. तो म्हणाला, "मोठी माय म्हणन ते." सरपंच, बायका, माझी सून रंजना, सगळे माझ्या तोंडाकडं पाहायला लागले. परी रंजनाच्या खांद्यावर होती, छाती वाजत होती. आता अडवायला तू नव्हतीस. हो माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं आणि म्हटलं, थांबा थोडं.

मी टोल्यावर गेले. आपल्या बांधीतून तो जन्मभर दिसतो, पण मी कधी गेले नव्हते. आपल्याच वयाची एक बाई मोहाची फुलं वाळत घालत होती. फगनी तिचं नाव. बोडीवाल्या बाईची जाऊ म्हटल्याबरोबर तिनं बाज टाकली.

"वो दुबली वाली? बीड़ी पीने वाली? वो तो आती थी यहाँ."

तू तिथं जायचीस. मला सांगितलं नाहीस.

"क्या बोलती थी?"

"पूछने आई थी. राख डालेंगे तो चलेगा क्या. हमने बोल दिया, चलेगा."

मला वाटलं आता माझाच कान चुकला. "चलेगा बोला?"

"मिल वाला हैंडपंप देगा बोला था. बिजली का खंभा भी. हमको और कौन क्या देता है? तुम्हारे गाँव ने दिया कुछ?" फगनी हसत होती, पण ते हसणं नव्हतं. "तुम्हारी देवरानी बहुत लड़ी मुझसे. बोली, पानी तो वैसे भी तुम्हारा हक है, राख के बदले काहे को लेते हो. मैंने बोला, बाई, तुम्हारे घर में सब है, इसलिए ऐसा बोल रही हो."

इथं मी तुझ्यावर खरी चिडले. त्यांनी हो म्हटलं होतं! विचारलं का, विचारलं का, म्हणून तू आमची सगळ्यांची तोंडं बंद केलीस. स्वतः जाऊन विचारलंस, आणि उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून पदराच्या गाठीत बांधून ठेवलंस. हा कुठला न्याय? पाठ करून बसणारी तू, आणि या वेळी मान वळवून पाहिलंस. त्यांनी काय घ्यावं आणि काय नाही हे ठरवणारी तू कोण, आणि मी तरी कोण? तू जिवंत असतीस तर मी त्याच पावली येऊन तुला झोपेतून उठवून भांडले असते.

फगनीनं पाणी दिलं. नाल्याच्या रेतीत त्यांनी खड्डा केला आहे, झिरिया म्हणतात त्याला. त्यात पाणी पाझरून येतं आणि सगळा टोला तेच पितो. पाइप कुठवर येणार ते मी नजरेनं मोजलं. झिरियाच्या थेट वर. पाणी गार होतं, गोड होतं. आपल्या बोडीचं पाणी असंच लागायचं का, हे मी आठवून पाहिलं. आठवलं नाही. जिभेवरून गेलं.

"राख आई तो ये पानी जाएगा," मी म्हटलं.

"हैंडपंप रहेगा ना."

"हमको भी बोले थे, सबको काम देंगे."

फगनी थोडा वेळ मोह खालीवर करत राहिली. मग म्हणाली, "तो तुम क्या बोलोगी?"

"देवरानी से पूछके बताती हूँ."

सवयीनं तोंडातून गेलं. ती माझ्याकडं पाहत राहिली. मला पदर तोंडाला लावावा लागला. परक्या टोल्यात, परक्या बाजेवर. फगनीनं दुसरा लोटा भरून आणला आणि बाजूला ठेवला.

मॅनेजरला मी नाही म्हटलं. "पाइप हमारी बांधी से नहीं जाएगा. राख जहाँ से आई, वहाँ ले जाओ."

"अम्मा, टोले वाले तो राजी हैं."

"उनको पहले हैंडपंप दो, राख के बिना. पानी पीके फिर बोलेंगे राजी हैं कि नहीं."

तो हसला. गाडीत बसताना सरपंचाला म्हणाला, एक गई तो दूसरी खड़ी हो गई. मी काही जिंकले असं समजू नकोस. ढीग आहे तिथंच आहे. भिजवणीचं पाणी आजही बोडीतच उतरतं. मॅनेजर आता सडकेच्या कडेनं वाट काढेल, तिथं माझा होकार लागणार नाही. आणि टोल्यावरच्यांचा हँडपंप माझ्यामुळं गेला, असं फगनी उद्या म्हणाली तर ते खोटं नसेल.

रंजना परीला घेऊन माहेरी गेली, राजेगावला. जाताना पाया पडली आणि म्हणाली, "आई, तुमचं खरं असन. पण तुमच्या खऱ्यानं माह्या लेकराची धाप थांबत नाही."

याला उत्तर नाही. मी शोधलं. तुझ्याकडंही नव्हतं. असतं तर त्या दिवशी कोंबडीकडं पाहत इतका वेळ गप्प राहिली नसतीस.

रंजना परत येईल. आल्यावर विचारील, कोणाच्या सांगण्यावरून नाही म्हटलं. गावातल्या बायकांनी उत्तर आधीच तयार करून ठेवलं आहे, मोठीनं मेलेल्या जावेच्या शब्दाला मान दिला. कौतुकानं म्हणतात. मी तसं म्हणू दिलं तर सुटते. मेलेल्या माणसाच्या दारात काहीही नेऊन टाका, ते तक्रार करत नाही.

तुझं नाव मी रंजनाला सांगणार नाही, फुला. मीच म्हटलं, असं सांगेन. मग ती माझ्याशी बोलो, नाही तर न बोलो.